बटण की स्क्रू

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी बाप-लेक बसले होते. लेक प्रवासाची बॅग घेऊन थेट इथेच आली होती.

“बाबा, तुमचा कोपराजवळचा तुटलेला टेंडन, म्हणजे स्नायूची दोरी, हाडाला धातूच्या छोट्या बटणाने बांधतात, नाहीतर स्क्रूने.”

“जास्त वजन कोण पेलतं?”

“बटण, म्हणतात. पण तुम्हाला आता कसलं वजन उचलायचंय?”

“माणसाएवढं पेलेल?”

“माणसाएवढं? बाबा, काय उचलत होतात?”

“तुझ्या आईला. न्हाणीतून उचलताना कोपरात कट्कन वाजलं.”

“आईला का उचलायचं?”

“उन्हाळ्यापासून तिला उभंच राहता येत नाही गं.”

“काहीतरीच काय! रोज फोनवर म्हणते, स्वयंपाक करतेय.”

“तू घाबरशील म्हणून म्हणते.”

“अहो, पण मागे भांड्यांचा आवाज येतो!”

“ती मी वाजवतो.”