ठाणेदार काय पाहून रडते?

...आन् वरून बायको मलेच म्हणते, "तुमीच काहीतरी केलं असंन त्याले!" आता मी काय करू, सांगा ना! मी आपला सपरीत, म्हणजे ओसरीत, बाजेवर बसलो, चहा पिऊन राहिलो, कोणाच्या घेण्यात नाही का देण्यात नाही, आन् हा ठाणेदार भर दुपारी तोंड वर करून जे सुरू झाला... ऊंऽऽऽ... बाप्पा! भुंकणं समजते हो मले, भुंकणं चांगलं. हे रडणं होतं! बाई रडते तसं, थांबून थांबून, श्वास घेऊन घेऊन... कप हातातून सुटला, अर्धा चहा धोतरावर!

ठाणेदार म्हणजे आमचं कुत्रं. नाव मोठं, पण कोंबडी आंगावर आली तरी बाजेखाली घुसते. मी सुखराम, शहापूरचा, एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. हे पिल्लू लाखनीच्या स्टँडवर माह्या गाडीत चढलं, शेवटच्या सीटखाली बसलं, बिना तिकिटाचं आलं आन् माह्यासंगं उतरलं. तेव्हापासून माह्या पायाशी. मी उठलो का उठते, मी खोकललो का कान टवकारते. पण रडणं? रडणं त्याले कधी मालूमच नोतं.

तुमाले सांगतो, मी एकदम ठीक होतो. जे होतं ते कुत्र्याले होतं!

आन् रडे कुठं पाहून? रुचिताच्या खोलीकडं. रुचिता म्हणजे माही पोरगी, एकुलती एक. पोरगी तिकडं रांधणीत तांदूळ निवडून राहिली, खोलीत कोणी नाही, दार अर्धं लोटलेलं, अन् हा त्या दाराकडं पाहून मानेवरचे केस उभे करते, गुरगुरते, मंग एक एक पाय मागं घेते... जसं आतून कोणी बाहेर येऊन राहिलं! धानाची कापणी झालेली, मागच्या बांध्या रिकाम्या, वारा नाही, पाखरू नाही. दाराचा पडदा हालत नाही. आन् याचं सुरू, ऊंऽऽऽ...

मी उठून पाह्यलं ना! पलंग, बीएडची पुस्तकं, आरशावर चिकटवलेल्या टिकल्या. बस. कोणीच नाही. पण उंबरठ्याच्या आत माहा पाय गेला नाही. काहून गेला नाही, मले काय मालूम! पाय आहे, नाही गेला!

आता तुम्ही म्हणान, रडते तर रडू द्या. कसं रडू द्या हो? रविवारी पोरीचं साक्षगंध, साखरपुडाच म्हणा! आसगावचे पाहुणे येणार. पोरगा कैलाश, बँकेत आहे, सरळ पोरगा, रुचिताले पसंत, फोनवर बोलते तर पोरीचा चेहरा कसा फुलून येते. सारं जमलं. पण त्याची माय, गोदावरीबाई! ते बाई शकुन-अपशकुनाची इतकी पक्की, का मागं एका घरी पाय ठेवता ठेवता मांजर आडवी गेली तर चहा न पिता परत फिरली. परत म्हणजे परत, सोयरीकच संपली! आन् इथं तर कुत्रं रडून राहिलं, तेही पोरीच्याच खोलीकडं पाहून. पोरीचं जमलेलं लग्न एका कुत्र्यापायी मोडलं तर मी तिले तोंड कसं दाखवू?

बेबीबाई, म्हणजे आमची मंडळी, म्हणे, "डॉक्टरले दाखवा." नेलं लाखनीले गुरांच्या डॉक्टरकडं. त्यानं दात पाह्यले, पोट दाबलं, आन् कुत्र्याले सोडून मलेच पाहाले लागला. म्हणे, "काका, कुत्रा ठणठणीत आहे. तुमच्या घरात सध्या टेन्शन कोणाला आहे?" मी म्हटलं, कोणालेच नाही, आनंदाचं घर आहे! तर म्हणे, "मालकाच्या मनात जे असतं ना, ते कुत्र्याच्या अंगात येतं. तुमचा हात थरथरला तरी त्याला दोरीतून समजतं. तुम्ही शांत राहा, खंबीर राहा. घरात लीडर बना."

लीडर बना! अहो, घरात लीडर आहे ना, बेबीबाई! ते जागा रिकामी कधी होती? आन् मी काय भित्रा आहे का? भंडारा-पवनी लाइनवर बाजाराच्या दिवशी दारात लटकलेल्या लोकाले "चला, आत सरका" म्हणून सरकवणारा माणूस मी! मले काही झालं नोतं. मी एकदम ठीक होतो. जे होतं ते कुत्र्याले होतं!

मंग आली आमची सासू, शकुनबाई. तिनं कुत्र्याकडं पाह्यलं, दाराकडं पाह्यलं, आन् हळूच मले म्हणते, "जवाईबापू, कुत्र्याले दिसते. आपल्याले नाही दिसत. त्याच्या डोळ्यातलं चिपड आपल्या डोळ्यात घाला, मंग त्याले जे दिसते ते तुमालेही दिसंन." मी म्हटलं, मामी, डोळा जाईन माहा! तर म्हणे, "डोळे दोन आहेत ना? पोरगी एकच आहे."



घातलं हो. दुपारी सारे निजले, ठाणेदाराच्या डोळ्यातलं चिपड बोटावर घेतलं, उजव्या डोळ्यात लावलं. आगच झाली! पाणी वाहाले लागलं, सारं धूसर. तसाच त्याच्या बाजूले जमिनीवर बसलो, गालाले गाल लावून, का बाबा, आता दाखव, काय आहे ते.

आन् तेव्हा पाह्यलं... आंगावर काटा येते अजून... हा खोलीकडं पाहूनच नोता राहिला. तोंड तिकडं, पण डोळा तिरपा करून, इकडं. माह्याकडं. टक लावून.

मी नजर फिरवली, निंबाकडं पाह्यलं. ठाणेदार चूप. विहिरीकडं पाह्यलं, चूप. खोलीच्या दाराकडं पाह्यलं... ऊंऽऽऽ! म्हटलं, योगायोग असंन. निंब, चूप. दार, ऊंऽऽऽ! मंग मी डोळे मिटले. दोन्ही! गच्च! आन् नुसती मनात ते खोली आणली, पलंगावर गादी नाही, पुस्तकं नाही, आरशावर टिकल्या नाही... आन् डोळे मिटलेलेच, तरी कानापाशी सुरू झालं. ऊंऽऽऽ...

त्याले कसं समजलं हो, मी काय पाहून राहिलो ते? डोळे तर मिटलेले होते माहे!

बसलो तसाच मातीत. त्या खोलीत भूत असतं तर बरं झालं असतं, मांत्रिक आणला असता. तिथं कोणीच नोतं, आन् उद्याही कोणी राहणार नोतं, याचंच भेव होतं मले. पोरगी जाऊन राहिली आन् मी महिनाभर गावाले सांगत फिरलो, खुशी आहे, खुशी आहे. मले स्वतःलेही मालूम नोतं. कुत्र्याले मालूम होतं.

तरी कोणाले बोललो नाही. मी ठीक होतो!

रविवार आला. पाहुणे आले. मी डॉक्टरनं सांगितल्यासारखा लीडर बनलो, छाती पुढं, श्वास लंबा, आवाज कंडक्टरचा. "या, या! पुढं सरका! बसा!" आन् काय सांगू, ठाणेदार चूप! आलूपोहे झाले, चूप. नारळ, साडी, अंगठी, चूप. माह्या पायाशी बसलेला, तोंड बंद, डोळे माह्यावर. बेबीबाईनं दुरून हात जोडले. जिंकलो म्हटलं!

तेवढ्यात गोदावरीबाई उठली, रुचिताची ओटी भरली, कपाळाले कुंकू लावलं, तिच्या गालावरून हात फिरवला आन् म्हणे, "झाली बाई आमची पोरगी."

ऊंऽऽऽ...

गोदावरीबाईचा हात तसाच हवेत. साऱ्यायनं कुत्र्याकडं पाह्यलं. कुत्र्याचं तोंड बंद. साऱ्यायनं पुन्हा कुत्र्याकडं पाह्यलं. तोंड बंदच, आन् ते मान वर करून माह्याकडं पाहून राहिलं. मंग एक एक करून सारेच माह्याकडं पाहाले लागले. आवाज तर सुरूच होता, थांबून थांबून, श्वास घेऊन घेऊन... आन् माहं तोंड उघडं होतं.

रुचिता पळत आली, गळ्यात पडली, तेही रडे. मले वाटलं, गेली सोयरीक, माह्या पायी गेली. तर गोदावरीबाईनं पदर डोळ्याले लावला, म्हणे, "माहाही बाप असाच रडला होता." आन् बेबीबाईनं? तिनं माह्या दंडाले धरलं, मागच्या दारानं बाहेर नेलं, धानाच्या तणसाच्या ढिगापाशी बसवलं, पुढं पाण्याचा गंज, म्हणजे पातेलं, ठेवला आन् आतून कडी लावली! लग्नाची तारीख मी भिंतीतून ऐकली हो, पोरीचा बाप!

तेवढ्यात आतून कोणी पाहुणा विचारे, "आता आवाज नाही, कसे आहेत?" तर बेबीबाई म्हणते, "घाबरू नका जी, बाहेर बसवलं आहे. कोणाले काही करत नाही."

आता याच्यावर काय करता? गंज पुढं ओढला आन् पाणी प्यालो.