ट्रंकेला चिकटलेले आजोबा

साठ सालानंतरची गोष्ट असावी. माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. आजोबा श्रीवर्धनच्या एका साप्ताहिकाच्या छापखान्यात नुसते अक्षरांचे खिळे जुळवायचे, असं घरी म्हणत. त्यांनी स्वतः काही लिहिलं होतं का, हे शोधत मी बोर्ली पंचतनला एका म्हातारीकडे गेलो; तिच्याकडे त्या साप्ताहिकाचा जुना अंक असल्याचं कळलं होतं. तिनं पाणी दिलं आणि ट्रंक उघडली. अंकाचं पान झाकणाला आतून खळीनं चिकटवलेलं, साबणाच्या जाहिरातीतली बाई वर, आजोबांचा मजकूर म्हणे मागच्या बाजूला.

"सोडवून बघू, आजी?"

"न्हाय! माझी बाई फाटंल. तुझ्या आज्यानं लिवलं हुतं, आमच्या वाडीला हीर पायजे."

"मग झाली?"

"आता प्यालास ते पानी कुठलं रं?"

पुढे कितीतरी वर्षांनी ग्रंथालयात तो अंक मिळाला. लेख विहिरीचाच होता, आणि खाली आजोबांचं पूर्ण नाव होतं.