किती तिरकी?

प्रणित : ताई, तू कॉलेजात शिकवतेस ना, वर मारलेली गोळी पडताना हवा तिला अडवते म्हणून?

प्राप्ती : माझ्या हळदीला फिजिक्स कसलं रे? हा नारळ घे नि धक्क्यावर पळ. आजी बायकांना घेऊन खाडीची ओटी भरायला बसलीय. भावाने नारळ नेईपर्यंत तिला धवले गायचे थांबवता येत नाहीत, घसा बसेल तिचा.

प्रणित : जातो गं. पण अडवते ना?

प्राप्ती : म्हणजे मघाचा आवाज फटाक्याचा नव्हता?

प्रणित : दामाजीकाकांनी रिव्हॉल्वर दिली. म्हणाले, बहिणीची हळद, एक बार काढ. एकच काढला, ताई. वर, आकाशात.

प्राप्ती : सरळ वर?

प्रणित : तू आधी सांग ना!

प्राप्ती : सरळ गेली तर वर जाऊन थांबते. मग पडताना हवा तिचा वेग एका मर्यादेपुढे वाढू देत नाही. तरी डोकं फुटेलच, पण वाचायची आशा असते. तिरकी गेली तर ती मधे कुठे थांबतच नाही. हवा वेग खाते, पण उरतो तेवढा माणूस मारायला पुरतो. सरळ होती ना, प्रणित?

प्रणित : डोक्यावर मांडवाचं कापड होतं. लायटिंगच्या वायरी पण.

प्राप्ती : किती तिरकी? हात करून दाखव.

प्रणित : अशी.

प्राप्ती : अरे देवा, ही तर निम्मी आडवी! दिवा स्टेशनच्या बाजूला? पत्र्यांखाली माणसं राहतात रे तिथे!

प्रणित : तेवढी अक्कल आहे मला! म्हणून तर खाडीकडे धरली. वाटलं, तिथे काय, पाणी नि चिखल. बार काढल्यावर आजी आठवली.

प्राप्ती : अशी धरली तर एक-दीड किलोमीटर सहज जाते.

प्रणित : धक्का तेवढाच लांब आहे.

प्राप्ती : फोन लाव.

प्रणित : आजीचा इथेच चार्जिंगला आहे. तिच्यासोबतच्या सखुमावशीला लावला, नुसता वाजतोय.

प्राप्ती : गाण्यात ऐकू येत नसेल. तिथे आजीच्या धवल्यांना स्पीकर लावलाय, आवाज इथवर येतो. आपल्या डीजेवाल्याला सांग, बंद कर.

(डीजे थांबतो.)

प्राप्ती : येतंय?

प्रणित : नाय.

प्राप्ती : वारा उलटा असेल. परत ऐक.

प्रणित : काहीच नाय, ताई. नारळ पोचला असेल, म्हणून थांबली असेल ना ती?

प्राप्ती : नारळ तुझ्या हातात आहे, प्रणित.