मूसच्या नशिबी संकष्टी

अमेरिकेत बॉथेलला होतो ना, तेव्हाची गंमत. ऑफिसात माझ्या शेजारी गॅरी बसायचा, त्याला मूसच्या शिकारीचं वेड. मूस म्हणजे घोड्याहून दांडगं हरीण, आणि त्याच्या शिकारीचं परमिट लॉटरीने मिळतं, तेही जन्मात एकदाच. गॅरी वर्षानुवर्षं अर्ज करत होता. त्याला सोबत म्हणून मी बंदुकीचा कोर्स केला, अर्जही टाकला, आणि यार, परमिट लागलं मला!

"माझ्या नावावर करता येईल?" गॅरीने विचारलं.

"नाही रे, मी चौकशी केली."

बिचाऱ्याने आजवरचे सगळे अर्ज मोजून दाखवले. मग म्हणाला, "ठीक आहे. गोळी तू झाड, मी निदान बघेन तरी."

ऑक्टोबरात सुट्टी काढून आम्ही जंगलात गेलो. दुपारी बायकोने दिलेला डबा उघडला, तर साबुदाण्याची खिचडी! अरे बापरे, म्हणजे आज संकष्टी. तेवढ्यात समोरच्या झाडीतून मूस बाहेर आला आणि निवांत पाला खायला लागला.

"मार!" गॅरी कुजबुजला.

"आज नाही जमणार. उपास आहे."

"तुला खायला कोण सांगतंय?"

"मारणं तर त्याहून वाईट. चंद्र उगवला की चालेल."

"अंधारात शिकारीला बंदी आहे, बंदूक उचलली तर दोघंही आत जाऊ!"

मूसने पोटभर खाल्लं आणि तो चालता झाला. नंतर किती फेऱ्या मारल्या, पण पुन्हा दिसला नाही. शिकारीच्या सीझनच्या शेवटच्या दिवशी हात हलवत परतताना गॅरी म्हणाला, "तुझ्या देवाचा आणि आमच्या सरकारचा सीझन जुळेपर्यंत तो मूस म्हातारपणानेच मरेल."