राजाच्या नावाचं नाणं

ठण्ण! दुरैनं आमचं तांब्याचं नाणं ओट्याच्या दगडावर टाकलं, तो आवाज मला अजून ऐकू येतो. दुरै म्हणजे गोरा साहेब. तंजावरच्या मराठी राजांची नाणी जमवून तो पुस्तक लिहीत होता. राज्य तर गेलंच, निदान राजाचं नाव पुस्तकात राहावं, एवढीच आमच्या अप्पांची आस. म्हणून त्यांनी देवघरातलं नाणं काढून दिलं.

"यावर अक्षरं कुठं आहेत?" साहेबानं विचारलं.

आई दाराआडून कौतुकानं म्हणाली, "दर शुक्रवारी चिंच लावून घासते मी. कसं लखलखतंय पाहा!"

"हे नवं आहे," म्हणत साहेबानं ते परत केलं आणि शेजारच्या मुत्तू सोनाराचं काळवंडलेलं नाणं उचललं. मुत्तूनं ते मागच्याच आठवड्यात ओतून, जुनं दिसावं म्हणून उकिरड्यात पुरलं होतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"रावजी, तुमची लिपी मला लागत नाही. कुणाचं नाव आहे हे?" साहेबानं अप्पांना विचारलं.

अप्पांनी नाणं डोळ्यांजवळ धरलं. वळणं मराठी होती, पण वाचता येईल असं एकही अक्षर नव्हतं. बराच वेळ बघून ते हळूच म्हणाले, "आमच्या राजाचंच आहे, दुरै."

साहेबानं खूश होऊन राजाचं नाव वहीत उतरवलं.

त्याची गाडी वळताच मुत्तू म्हणाला, "रावजी, अक्षरं बरोबर आली ना? मी आपली राजवाड्यातल्या कोरीव दगडावर दिसली तशी कोरली."

आमचं नाणं मुठीत धरून अप्पा देवघराकडे वळले.