चाळीस पानांची विहीर

दुष्काळाचा विषय निघालाच आहे, तर ऐका. बाहत्तर साली मी नगरला कायदा शिकवायचो. एका कायद्याच्या त्रैमासिकानं माझ्याकडे एक लेख तपासायला पाठवला. श्रीगोंद्याकडच्या दोन भावांची सामाईक विहीर, तिच्या पाण्याची कुणाची पाळी किती दिवस, यावर चाळीस पानं. काम चोख होतं. त्यातला थोरला भाऊ माझ्या ओळखीचा. कोर्टात तारखेला आला, तेव्हा मी म्हटलं, "आठवड्यातले चार दिवस पाणी तुमचंच, असं लिहिलंय."

"लई झ्याक लिवलंय, सायेब. पन हिरीत पानीच न्हाई. आमी दोगं भाऊ सरकारी कामावर खडी फोडतो, एकाच ढिगावर."

मी अभिप्राय धाडला : 'लेख छापावा. विहीर कोरडी आहे.'

संपादकांचं कार्ड आलं : 'लेख छापतो. दुसरा मुद्दा लेखाच्या कक्षेबाहेर आहे.'