गुढियारीचा फ्रिज

घरी बिअर करणं सोपं आहे राजेहो, पण रायपुरात मे महिन्यात ती गार ठेवणं कठीण. दोन खेपा आंबून मोरीत गेल्या, तेव्हा मी अन् विनोदनं गुढियारीतून एक स्वस्त जुना फ्रिज आणला. गार मस्त होत होता, पण वरच्या बर्फाच्या खान्यामुळं बिअरचा डबा आत मावेना. मी पेचकसनं खाना जरासा वाकवला, तर फुस्स झालं.

दुकानदाराले फोन लावला.

"आवाज आया था क्या?"

"हव."

"फिर तो गैस गई, भैया. अब उसमें कपड़े रख लो."

विनोद भरलेला डबा कवटाळून उभाच होता. म्हणे, "काय म्हणते? ठेवू का आत?"